खोका तुम्हाला, बिल आम्हाला

लेगोच्या नव्या सेटचे परीक्षण करणाऱ्या एका परीक्षकास अनावृत पत्र

परीक्षक महाशय,



आरोप आधी सांगतो, कारण तो ऐकल्याशिवाय तुम्ही पुढचे वाचणार नाही. लेगोचा नवा सेट दुकानात येण्याआधी तुमच्या घरी येतो आणि त्यासोबत बिल येत नाही. तुम्ही तो कॅमेऱ्यासमोर उघडता, पिशव्या टेबलावर ओतता, कित्येक तासांची जोडणी दोन मिनिटांत पळवून दाखवता आणि शेवटी म्हणता, "घ्याच, मंडळी!" तुमच्या त्या शब्दांवर कोणीतरी पगारातून बाजूला काढलेले, कोणी पेन्शनमधले, कोणी शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे मोजतो. जे तुमच्या डोळ्यांना दिसले आणि बोटांना जाणवले, ते मात्र त्याला कळलेले नसते. तुमचे मत चुकले असते तर मी पत्र लिहिले नसते. मत कोणाचेही चुकते. तुम्ही पाहता आणि गिळून टाकता, हा तुमचा गुन्हा आहे.

तुमचे नाव लिहीत नाही. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत आणि एकाचे नाव घेतले की बाकीचे सुटतात. पत्र वाचताना ज्याचे कान गरम होतील, त्याने ते आपल्यालाच आले असे समजावे.

खेळण्यातल्या ठोकळ्यांवरून एवढे तापायचे कशाला, असे विचारणारे भेटतील. त्यांना आणि तुम्हालाही मी एकच उत्तर देतो. हा माल बंद खोक्यात विकला जातो. बाजारात आंब्याची पेटी घेताना आपण गवत बाजूला सारतो, खालच्या थरातले फळ दाबून आणि हुंगून बघतो. लेगोच्या खोक्याच्या बाबतीत तसे काहीच करता येत नाही. वर असते ते एक सुंदर छायाचित्र, तेही कंपनीने काढलेले. आत क्रमांक घातलेल्या पिशव्या, पुस्तिका आणि कदाचित स्टिकरचा कागद. पिशवी फाडली की परतीचा रस्ता जवळपास बंद होतो. म्हणजे पैसे देण्याआधी त्या खोक्यात हात घालू शकणारा माणूस फक्त परीक्षक. तुमचा हात हा आमचा हात असतो. तो हात तुम्ही विकलात, म्हणजे आमचाच विकलात.

आणि हा माल स्वस्त नाही. २०२० पासून कंपनीने मोठ्यांसाठीचे सेट काळ्या खोक्यात, '१८+' असे छापून वेगळे काढले. ताजमहाल, कलोसियम, टायटॅनिक, आयफेल टॉवर हे लहान मुलाच्या वाढदिवसाला सहज उचलून न्यायचे सेट नव्हेत. ९,०९० तुकड्यांचे टायटॅनिक सुमारे १३५ सेंटिमीटर लांब आहे, १०,००१ तुकड्यांचा आयफेल टॉवर जवळजवळ दीड मीटर उंच. असा सेट घेणारा माणूस आधी पैशांचा आणि मग घरातल्या कपाटाचा विचार करतो. भारतात तर त्याला आणखी एक हिशेब करावा लागतो. खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. त्यावर इतर कर वेगळे. हे ठाऊक असूनही तुम्ही अमेरिकेतली डॉलरमधली किंमत सांगता, तिला रुपयाच्या दराने गुणता आणि "या किमतीत काहीच वाईट नाही" असा निकाल देता. पुण्या-नाशिकच्या माणसाला ती किंमत कधीच मिळणार नसते. ज्या किमतीला वस्तू मिळत नाही, त्या किमतीवर तिचे मूल्यमापन करणे ही फसवणूक आहे.

आता एकेक मुद्दा घेतो.

पहिला, तुकड्यांचा आकडा. तुमचे प्रत्येक परीक्षण या आकड्याने सुरू होते आणि तो सांगताना तुमचा आवाज चढतो. हा छंद असलेल्यांमध्ये जुना अंदाज आहे : एका तुकड्याला साधारण दहा अमेरिकी सेंट म्हणजे किंमत वाजवी. तुम्ही त्या अंदाजाचा नियम केलात आणि नियमाचा निकाल. २०२१ चा जगाचा नकाशा बघा. तुकडे ११,६९५, अमेरिकेतली तेव्हाची किंमत २५० डॉलर. तुकड्यामागे जेमतेम दोन सेंट. २०१७ चे मिलेनियम फाल्कन हे मोठे यान ७,५४१ तुकड्यांचे आणि बाजारात आले तेव्हा ८०० डॉलरचे. तुकड्यामागे साडेदहा सेंट. तुमच्या हिशेबाने नकाशा पाचपट फायद्याचा ठरतो. पण नकाशातले बहुतेक तुकडे एका स्टडचे (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा), नखाएवढे, गोल आणि चपटे आहेत. ते एका चौकोनी पाटीवर ओळीने बसवायचे, पाटी संपली की दुसरी घ्यायची, आणि अशा ४० पाट्या भरायच्या. कोणाला यातून मनाची शांती मिळते आणि त्यांच्यासाठी तो उत्तम सेट आहे. फाल्कनमध्ये आतला सांगाडा उभा करायचा, त्यावर तिरक्या पट्ट्या अडकवायच्या आणि शेवटी भले मोठे धूड उचलून ठेवायचे असते. दोन्हींतला आनंद वेगळ्या जातीचा आहे. परीक्षकाचे काम तो फरक सांगण्याचे. भागाकार आम्हाला शाळेत शिकवला आहे.

आकडा कसा ठरवता येतो, याचा सर्वांत गोड नमुना २०१७ चे सॅटर्न रॉकेट आहे. त्यात बरोबर १,९६९ तुकडे आहेत, म्हणजे अपोलो ११ चंद्रावर उतरले ते वर्ष. रचनाकाराने तो आकडा प्रेमाने जुळवला. मीटरभर उंचीचे ते रॉकेट १२० डॉलरला आले आणि छंदाचा दहा सेंटांचा अंदाज त्याने पार खाली आणला. त्या रॉकेटची थोरवी स्वस्ताईत शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. पोकळ नळकांडे आतून इतके भक्कम कसे उभे राहते, टप्पे कसे सुटे होतात, छोटे चांद्रयान टोकाशी कसे दडवले आहे, हे दाखवल्याशिवाय त्या सेटचे परीक्षण पुरे होत नाही.

दुसरा मुद्दा स्टिकरचा. या विषयावर तुम्ही इतके शांत असता, की खोक्यात स्टिकर होते की नव्हते हे परीक्षण संपल्यावरही कळत नाही. छापील तुकडा आणि स्टिकर लावलेला तुकडा यांत काय फरक आहे हे तुम्हाला पुरते माहीत आहे. छापील तुकडा दहा वर्षांनी दुसऱ्या रचनेत वापरता येतो. स्टिकर एकदाच लागतो, वाकडा लागला की वाकडाच राहतो, उन्हात फिका पडतो, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याच्या कडा सुटायला वेळ लागत नाही. एखादी पाटी दोन तुकड्यांवर पसरलेल्या एका स्टिकरची असेल, तर पुढे ते दोन तुकडे वेगळे करताना छाती धडधडते. स्पीड चॅम्पियन्स मालिकेतली छोटी मोटार लहान किमतीची असते, तिच्यावर स्टिकरची गर्दी असली तरी समजून घेता येते. मोठ्यांसाठीच्या महागड्या सेटमध्ये दिव्यापासून नावाच्या पाटीपर्यंत स्टिकर असतील, तर ते खरेदीआधी कळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. किती स्टिकर, कुठे, कोणते भाग छापील, एवढे सांगायला अर्धे मिनिट पुरते. तेवढा वेळ तुम्ही खोक्याभोवती कॅमेरा फिरवण्यात घालवता.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर, कारण तो जोडणीचा आहे. लेगोचा ठोकळा हा मिलिमीटरच्या अंशात जगणारा पदार्थ आहे. एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ आणि चपट्या प्लेटची ३.२. दोन स्टडमधली फटही तेवढीच, ३.२ मिलिमीटर. म्हणून त्या फटीत प्लेट उभी खोचली की ती बसते, पण प्लास्टिकला ताण देऊन बसते. कंपनीचे डिझायनर जेमी बेरार्ड यांनी २००६ मध्ये चाहत्यांसमोर हेच सचित्र मांडले होते : कोणत्या जोडण्या तुकड्यांवर ताण आणतात आणि म्हणून अधिकृत सेटमध्ये का चालत नाहीत. चाहत्यांना आजही ती मांडणी आठवते, कारण दिसायला सारख्या दोन जोडण्यांपैकी एक वर्षानुवर्षे टिकते आणि दुसरी तुकड्याला चीर पाडते, हे तिने शिकवले. परीक्षकाने सेट जोडताना हीच नजर वापरायची असते. छप्पर कशावर टेकले आहे? भिंत उचलली की खालचा मजला सोबत येतो का? एका हाताने उचलून दुसऱ्या फळीवर ठेवता येते का? बिजागरीवर तोललेला पंख महिन्याने खाली झुकतो का? धूळ झटकताना काय गळून पडते?

यांतले एकही उत्तर तुमच्याकडे नसते, कारण तुम्ही सेट जोडता त्या दिवशीच निकाल देता. कधी कधी जोडणारा हातही तुमचा नसतो.

तुमच्या घाईने काय निसटते याचे एक ठळक उदाहरण देतो. २०१६ मध्ये टेक्निक मालिकेत पोर्शे ९११ जीटी३ आरएस आली. २,७०४ तुकडे, ३०० डॉलर, डोळे दिपवणारा नारिंगी रंग आणि पोटात चार गती असलेली गिअरपेटी. पुस्तिकेबरहुकूम जोडल्यावर त्या पेटीच्या गती १, ३, २, ४ अशा क्रमाने पडतात, हे बारकाईने बघणाऱ्या चाहत्यांनी शोधून काढले. त्यांनी केले काय, तर प्रत्येक गिअरमध्ये चाक फिरवून आतले पिस्टन किती वेगाने हलतात ते बघितले. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कुतूहल आणि थोडी चिकाटी लागते. ज्यांनी फक्त नारिंगी रंग दाखवला, त्यांच्या हातात तीच गाडी होती आणि त्यांना ती कळलीच नाही. आणि गिअरपेटी गाडीच्या पोटात गाडलेली, त्यामुळे घेणाऱ्याने नंतर दुरुस्ती करायची तर निम्मी गाडी उकलायची. अशा दोषाची खबर खरेदीआधी देणे, एवढ्यासाठीच परीक्षक नावाचा माणूस हवा असतो.

जोडणीचा कंटाळा हाही तुम्ही लपवता. ताजमहाल सममित आहे, हे जगातले प्रत्येक मूल जाणते. सममित इमारत जोडायची म्हणजे एक मिनार चार वेळा आणि एक भिंत पुन्हा पुन्हा. २००८ च्या ताजमहालात ५,९२२ तुकडे होते आणि त्यांतल्या मोठ्या भागाचे काम पुनरावृत्तीचे आहे. ९,०३६ तुकड्यांच्या कलोसियमची गोष्टही वेगळी नाही, कमानीमागून कमान आणि पुन्हा कमान. काही जणांना हेच आवडते. नोकरीवरून थकून आल्यावर विचार न करता हात चालवण्यात सुख आहे. काहींना मात्र प्रत्येक पिशवीत नवे कोडे लागते. दोघांनाही "अप्रतिम अनुभव" असे एकच लेबल चिकटवून तुम्ही दोघांचेही नुकसान करता.

रंगाबद्दलही हेच. २००४ च्या सुमारास कंपनीने करडा आणि तपकिरी रंग बदलला, करड्यात निळसर झाक आली, तपकिरीत लालसर. ज्यांचे जुने किल्ले अर्धवट होते त्यांच्या भिंती त्या दिवसापासून दुरंगी झाल्या आणि ते दुःख संग्राहक अजून विसरलेले नाहीत. काही वर्षांतले लालसर तपकिरी आणि गडद लाल तुकडे ठिसूळ निघतात, हीही जुन्या माणसांची परिचित तक्रार आहे. संग्राहकाचा सेट एकटा नसतो. १९५८ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो, म्हणून प्रत्येक नवा सेट घरातल्या जुन्या साठ्यात जाऊन मिसळतो. नवे साचे कोणते, कोणता तुकडा पहिल्यांदाच या रंगात आला, शेजारच्या दोन तुकड्यांची छटा जुळते का, हे स्वतःच्या रचना बांधणाऱ्याला किमतीइतकेच महत्त्वाचे असते. तुमच्या परीक्षणात मात्र मिनिफिगरचे, म्हणजे सेटमधल्या छोट्या माणसांचे, चेहरे असतात आणि खोक्याचे पाठीमागचे छायाचित्र.

चौथा मुद्दा, "गुंतवणूक". हा शब्द तुमच्या तोंडी आला की मला सर्वांत जास्त संताप येतो. "हा सेट लवकरच बंद होणार, आत्ता घेतला तर दुप्पट होईल", असे सांगून तुम्ही माणसाला घाई करायला लावता. २००७ च्या ५,१९५ तुकड्यांच्या फाल्कनचे भाव जुन्या बाजारात हजारो डॉलरांवर गेले होते, हे खरे आहे. २००८ च्या ताजमहालाचेही तेच झाले. मग २०१७ मध्ये कंपनीने नवे, अधिक मोठे फाल्कन आणले आणि त्याच वर्षी ताजमहालही एका तुकड्याच्या फरकाने पुन्हा काढला. उंच भावाने साठवून बसलेल्यांची हवा गेली. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या सेटचे जुन्या बाजारातले भाव तपासले आणि सरासरी परतावा वर्षाला ११ टक्क्यांच्या आसपास निघाला. तुम्ही ही सरासरी सांगता. त्याच अभ्यासात सेटासेटांतली तफावत प्रचंड होती, काहींनी मुद्दलाचा मोठा भाग बुडवला, हे सांगत नाही. न उघडलेला खोका वर्षानुवर्षे कोरडा, न दबलेला, न फाटलेला ठेवायचा खर्चही नाही सांगत. आणि मुळात, जो सेट उघडायचाच नाही त्याच्या जोडणीचे परीक्षण तुम्ही कोणासाठी करता? साठेबाजांनी शंभर खोके अडवले की खरोखर जोडणाऱ्या मुलाला तोच सेट दुप्पट भावाने घ्यावा लागतो. त्या दुपटीत तुमच्या शब्दांचा वाटा आहे.

पाचवा मुद्दा पैशांचा आणि तो मी मुद्दाम शेवटी घेतला. खोका फुकट घेण्याला माझा विरोध नाही. पुस्तकाच्या परीक्षकाला प्रकाशक प्रत पाठवतो, नाटकाच्या समीक्षकाला पास मिळतो. लेगो कंपनीही चाहत्यांच्या मान्यताप्राप्त गटांना सेट पाठवते. त्यातले अनेक जण ही गोष्ट लेखातच स्पष्ट नोंदवतात आणि मग त्याच सेटचे वाभाडे काढतात. अशा माणसांमुळेच या छंदाला अब्रू आहे. तुम्ही ती ओळ लिहीत नाही. खरेदीच्या दुव्यावर तुम्हाला मिळणारे कमिशनही सांगत नाही. भारतातल्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्येच अशा सशुल्क किंवा भेटीच्या मोबदल्यात केलेल्या प्रसिद्धीवर ठळक खूण करायला सांगितले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत शिफारस करणाऱ्याने उत्पादकाशी असलेले आपले लागेबांधे उघड करायचे आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणारी शिफारस केल्यास १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, आणि ठरावीक काळ शिफारस करण्यावर बंदीही. कायद्याची भीती दाखवायला हे लिहीत नाही. फुकट घेऊन फुकट न सांगणे हा सभ्यतेचा प्रश्न म्हणून तुम्ही झटकून टाकाल, म्हणून आठवण दिली, की देशाने तो ग्राहकाच्या हक्काचा प्रश्न मानला आहे.

आता तुम्ही ज्या कंपनीच्या प्रेमात आहात, तिच्याच घरातली एक गोष्ट ऐका. डेन्मार्कमधल्या बिलुंडचे सुतार ओले कीर्क क्रिस्टियान्सन यांनी १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. प्लास्टिकचे ठोकळे तेव्हा कोसो दूर होते. त्यांचा मुलगा गॉटफ्रेड एकदा आनंदाने सांगत आला, की लाकडी बदकांना नेहमीप्रमाणे वार्निशचे तीन हात न देता आपण दोनच हात दिले आणि पैसे वाचवले. माल तोवर पेटीत भरून रेल्वे स्थानकावर पोहोचला होता. बापाने मुलाला परत पाठवले, पेट्या आणायला लावल्या, सगळी बदके उघडून त्याच्या हाताने तिसरा हात मारून घेतला आणि मगच माल रवाना होऊ दिला. गॉटफ्रेड पुढे कंपनीचा प्रमुख झाला, १९५८ चे ठोकळ्याचे पेटंट त्याच्या काळातले, आणि ही गोष्ट तो स्वतः सांगत असे.

या गोष्टीत मला भिडते ते एकच. दोन हात आणि तीन हात यांतला फरक दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला दिसला नसता. न दिसणाऱ्या ठिकाणी काटकसर करायची नाही, हे त्या सुताराने ठरवले. तुमचा सगळा धंदा नेमका त्या न दिसणाऱ्या जागेचा आहे. खोक्याच्या आतले, स्टिकरखालचे, गिअरपेटीतले, महिन्यानंतरचे. आणि तिथेच तुम्ही हात आखडता. विकणाऱ्याने जी लबाडी स्वतःच्या मुलालाही करू दिली नाही, ती ग्राहकाच्या बाजूने उभे असल्याचा दावा करणारे तुम्ही रोज करता.

तुम्ही म्हणाल, मग आम्ही सारखे दोषच शोधायचे का? नाही. मला तुमच्या स्तुतीचा दर्जाही खटकतो. २०२१ मध्ये ८७८ तुकड्यांचे बोन्साय झाड आले. त्याला हिरवी पाने लावता येतात किंवा चेरीचा गुलाबी बहर. जवळून बघितले की त्या बहरात चक्क छोटे गुलाबी बेडूक असतात. कुठल्यातरी तळ्याकाठी ठेवायला केलेल्या बेडकाचा साचा कोणीतरी गुलाबी रंगात ओतला आणि शंभर बेडकांचे फूलझाड केले. हा विचार सुचलेल्या माणसाला साष्टांग नमस्कार घालावा असे मला वाटते. तुम्ही त्यावर "एकदम भारी" म्हणालात आणि पुढच्या खोक्याकडे वळलात. ज्याला दोष नेमका सांगता येत नाही, त्याला गुणही नेमका सांगता येत नाही. चांगल्या रचनाकाराचा अपमान तुमच्या टीकेने होत नाही, तो तुमच्या सरधोपट कौतुकाने होतो, कारण त्याच्या बेडकांना आणि कोणाच्या तरी आळशी स्टिकरला तुम्ही एकाच आवाजात "भारी" म्हणता.

तेव्हा माझी मागणी नीट ऐका. पहिल्याच वाक्यात सांगा, खोका कोणी दिला आणि दुव्यावर तुम्हाला काय मिळते. किंमत रुपयात सांगा, इथे प्रत्यक्ष मिळते ती. स्टिकर मोजा आणि छापील भाग दाखवा. जोडायला किती तास लागले, त्यांतले किती एकच काम पुन्हा करण्यात गेले, ते बोला. चालणारा भाग असेल तर तो चालवून बघा, गिअर असतील तर क्रमाने टाकून बघा. सेट महिनाभर फळीवर राहू द्या आणि मग त्याला उचलून दाखवा. जुन्या साठ्यात काय नवे येणार ते सांगा. आणि प्रत्येक परीक्षणात एक वाक्य असे असू द्या, की हा सेट कोणी घेऊ नये. जगातला कोणताही सेट प्रत्येकासाठी नसतो. ते वाक्य ज्याला सांगता येत नाही, त्याने परीक्षक ही पाटी उतरवून विक्रेता ही लावावी. विक्रेता असण्यात कमीपणा नाही. खोटी पाटी लावण्यात आहे.

दर जानेवारीत कंपनीची नवी मॉड्युलर इमारत येते, २००७ च्या कॅफे कॉर्नरपासून चालत आलेल्या रस्त्यावरचे पुढचे घर. आमच्यातले कितीतरी जण वर्षभर तिच्यासाठी पैसे बाजूला ठेवतात. यंदा तिचे परीक्षण करायला बसाल तेव्हा हे पत्र समोर ठेवा. वरच्या मागण्यांपैकी निम्म्या जरी पाळल्यात, तर मीच चार जणांना सांगेन की यांचे ऐका. नाही पाळल्यात, तर ज्याच्या ज्याच्या हातून नवा खोका विकत घेतला जाणार आहे अशा माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला मी हेच सांगणार आहे, की या माणसाच्या शब्दावर एक रुपयाही खर्च करू नका.

आपला,
स्वतःच्या पैशाने खोका घेणारा एक संग्राहक